खून डोळ्यांदेखत

'अंधाधुन' बघायला बसलो तेव्हा गोष्टीतलं काहीही ऐकलेलं नव्हतं. श्रीराम राघवन यांचा २०१८चा हा सिनेमा खुनी कोण ते मध्यंतराच्या बऱ्याच आधी सांगून मोकळा होतो. मग पुढे धाकधूक वाटते ती कशामुळे?

उत्तर पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये आहे. आकाश (आयुष्मान खुराना) हा आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक. लग्नाच्या वाढदिवशी बायकोला चकित करायचं म्हणून जुन्या जमान्यातल्या एका नटाने त्याला वाजवायला बोलावलंय. दार उघडते ती बायको, सिमी (तब्बू). आकाश वाजवायला बसतो आणि त्याला दिसतं, यजमान जमिनीवर मरून पडलाय. आता हात थांबवायचे नाहीत. समोर सिमी आणि तिचा प्रियकर खाणाखुणा करत रक्त पुसतात, प्रेत बॅगेत कोंबतात. मृताबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, पियानो मात्र चालू. मी आधी बॅगेकडे बघत होतो, मग नजर आकाशच्या चेहऱ्यावर खिळली. काळ्या चष्म्याखाली तो चेहरा कोराच्या कोरा. त्याने हे सोंग निभवावं, असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे एका अर्थी मीही त्या खोटेपणात सामील. पुढे तो पोलीस चौकीत जातो, तर तिथला इन्स्पेक्टर म्हणजे तोच प्रियकर!

चाळीसच्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेपटांत, उदाहरणार्थ १९४४च्या 'डबल इंडेम्निटी'त, पाप अंधारात आणि खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्यांत वावरायचं. १९७४च्या 'चायनाटाऊन'ने ते लॉस एंजेलिसच्या लख्ख उन्हात आणलं. राघवन पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकलेले. मूळ कल्पना 'द पियानो ट्यूनर' या फ्रेंच लघुपटाची असली, तरी ती त्यांनी आपल्या ओळखीच्या शहरात, भरदिवसा, सोसायटीतल्या शेजारणीच्या नजरेसमोर मांडली. इथे काळोख माणसांत आहे. लोभ सुटला की आकाशही धुतल्या तांदळासारखा राहत नाही, आणि तरी आपण त्याचीच बाजू घेत राहतो. या जातीच्या सिनेमाची खरी ताकद ती हीच.

अजून पाहिला नसेल, तर ट्रेलरही न बघता बसा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. महत्त्वाचं जे काही आहे ते इथे कोणी बोलून दाखवत नाही. मान खाली गेली, की ते निसटलंच.