कंसातलं रायगड

महाराष्ट्राचा कबड्डी संघ जाहीर झाला की मी पेपरात आधी नावं वाचत नाही, कंस वाचतो. प्रत्येक खेळाडूपुढे त्याचा जिल्हा छापलेला असतो: ठाणे, पुणे, सांगली, कोल्हापूर. त्यात ‘रायगड’ दिसलं की सकाळचा चहा गोड लागतो.

रायगड जिल्ह्यातलं आमचं पेण बाहेर ओळखतात ते गणपतींसाठी. पण विसर्जनं उरकली, भात झोडून झालं की इथली पोरं मैदान धरतात. देवळापुढची माती शिंपून चोपायची, चुन्याच्या रेषा मारायच्या, हॅलोजन लावायचे. रोह्याकडेही हेच. एका रात्री शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने मला सांगितलं, “बचावातल्या कव्हरच्या पोराने चढाईवाल्याचे पाय बघायचे नाहीत, कंबर बघायची. पाय फसवतात.” तेव्हापासून मला हा खेळ कळू लागला.

26 जुलै 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि अनवाणी खेळणारी पोरं घरी मॅटचे बूट मागू लागली. जानेवारी 2018 मध्ये हैदराबादेत रिशांक देवाडिगाच्या संघाने सेनादलाला 34-29 असं हरवून 11 वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद महाराष्ट्रात आणलं. आणि पुढच्याच वर्षी ती स्पर्धा रोह्याला!

28 ते 31 जानेवारी 2019, 66वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा. प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामाचा अंतिम सामना 5 तारखेला मुंबईत झाला होता. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, आणि देशभरातले संघ कुंडलिकेकाठच्या या गावात उतरले. रोहा म्हटलं की परक्यांना कोकण रेल्वेची सुरुवात तेवढी आठवते. त्या चार दिवसांत देशाच्या कबड्डीचा पत्ता रोहा हाच होता. पेणहून आम्ही दिवा-रोहा गाडीने गेलो. डब्यात दुसरा विषय नव्हता. विजेतेपद रेल्वेच्या संघाने नेलं. गतविजेता महाराष्ट्र घरच्या अंगणात जिंकला नाही, याची चुटपुट मला आजही आहे. तरीही परतताना छाती भरून आली होती, कारण पहिल्या रांगेत बसलेली आमची पोरं प्रत्येक पकड डोळ्यांनी गिरवत होती.

मग आला प्रो कबड्डीचा आठवा हंगाम, डिसेंबर 2021 ते फेब्रुवारी 2022. करोनामुळे सगळे सामने बंगळूरला, प्रेक्षकांविना. बंगळूर बुल्सच्या एका कव्हरला महेंदर सिंग, दुसऱ्या कव्हरला आपल्या रायगडचा मयूर कदम. संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथे खुर्च्या रिकाम्या होत्या, पण आमच्या घरात बसायला जागा नसायची. चढाईवाला बोनस घ्यायला पाय टाकायचा, मयूर किंचित पुढे सरकायचा, आणि माझ्या तोंडून नकळत निघायचं, “कंबर बघ रे, कंबर!”