स्वरलिपीचं पान

विद्यार्थ्यांच्या संगीत नियतकालिकात मांडणीची खरी कसोटी लागते ती स्वरलिपीच्या पानावर. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वरावर टिंब असतं. ओळी दाटीने लावल्या, की वरच्या ओळीतलं मंद्राचं टिंब खालच्या स्वराला तार करून टाकतं! त्रितालाच्या १६ मात्रा एका ओळीत हव्यात. ए-४ कागदावर दोन्हीकडे २० मिमी समास सोडला तर १७० मिमी उरतात. मात्रेच्या वाट्याला जेमतेम साडेदहा. समेची फुली प्रत्येक आवर्तनात एकाखाली एक यावी, म्हणून तक्ताच आखावा. मोकळ्या जागा देऊन जुळवलेल्या ओळी फाँट बदलताच विस्कटतात.

बाकी पानं सोपी. ठाण्याचे पं. राम मराठे किंवा १९२६ मध्ये स्थापन झालेला कल्याण गायन समाज यांच्यावरच्या लेखाला दोन स्तंभ आणि एक मोठा फोटो पुरतो. मैफलीतले फोटो मुळातच अंधारे असतात, छापल्यावर आणखी काळवंडतात. ते आधीच उजळावेत. मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत.

स्वरलिपीचं पान मात्र छपाईआधी गाणाऱ्याकडून गाऊनच तपासून घ्यावं. नुसत्या मुद्रितशोधनात हरवलेलं टिंब सापडत नाही.