राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय : एका वास्तूचा इतिहास

भायखळ्याची राणीची बाग आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेली असते. मात्र ती हत्ती, माकडे आणि पाणघोडा यांच्यासाठी. प्रवेशद्वारालगत उभ्या असलेल्या भव्य वास्तूकडे आपले पाय क्वचितच वळतात. ती वास्तू म्हणजे मुंबईतील सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय, आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय.

या बागेच्या कथेचा आरंभ भायखळ्यात नव्हे, तर शिवडीत होतो, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची वनस्पती बाग प्रथम शिवडीला होती. पुढे ती जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली. ज्या शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आपल्यापैकी कित्येकांचे आप्तजन चिरविश्रांती घेत आहेत, ती भूमी एकेकाळी फुलझाडांची होती. संस्थेने मग भायखळ्यास नवी बाग उभारली व तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले. लोकांनी ‘राणीची बाग’ केली, आणि वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव अधिकृतपणे लाभल्यानंतरही तेच नाव लोकांच्या ओठी राहिले.

संग्रहालयाचे मूळही दुसरीकडेच होते. १८५० च्या दशकात किल्ल्यातील बराकींमध्ये पश्चिम भारतातील पिके, खनिजे व हस्तव्यवसायाचे नमुने मांडण्यात आले होते. १८५७ च्या उठावात लष्कराला बराकींची निकड भासली. वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांतील अनेकांची नासधूस झाली. जे वाचले ते डॉ. जॉर्ज बर्डवूड यांनी गोळा केले. १८५८ साली नागरिकांनी कायम वास्तूसाठी वर्गणी उभारण्याचे ठरविले. नाना शंकरशेट हे या कार्याचे धुरीण होते, तर डॉ. बर्डवूड यांच्यासमवेत चिटणीसपदाची धुरा डॉ. भाऊ दाजी यांनी वाहिली. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले भाऊ दाजी हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. कुष्ठरोगावर औषध शोधण्याचा ध्यास घेतलेला हा वैद्य प्राचीन शिलालेखांचाही गाढा अभ्यासक होता.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते आणि वर्गणीला तोटा नव्हता. परंतु १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षी नाना शंकरशेटही निवर्तले. अर्धवट राहिलेले काम अखेर सरकारने हाती घेतले, आणि १८७२ साली संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. पाया घातल्यापासून दहा वर्षे! दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, भाऊ दाजींचे निधन झाले. आपले श्रम फळास आलेले त्यांना पाहता आले, याचे आम्हाला समाधान वाटते.

विल्यम ट्रेसी यांच्या आराखड्यातील ही इमारत बाहेरून इटालियन धाटणीची, धीरगंभीर आहे. आत मात्र ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब, सज्जाचे कठडे, रंगीत फरशी आणि सोनेरी छटांची नक्षी डोळ्यांत भरते. मधोमध डेव्हिड ससून यांनी दिलेला प्रिन्स आल्बर्ट यांचा पुतळा आहे. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला ‘एलेफंटा’ म्हटले. मोडलेल्या अवस्थेत तो येथे आणला गेला आणि १९१४ मध्ये त्याचे तुकडे पुन्हा सांधण्यात आले.

१९७५ साली संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. मात्र नाव बदलल्याने गळके छत थांबत नाही. वास्तूची रया हळूहळू गेली होती. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, ‘इन्टॅक’ आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, व वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार सुरू झाला. २००५ मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातील वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला. २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली.

ग्लोरिया चर्चला येणाऱ्या धर्मग्रामस्थांना ही वास्तू दूर नाही. मुले प्राण्यांकडे धाव घेतीलच. त्याआधी त्यांना घारापुरीच्या हत्तीजवळ क्षणभर थांबवावे आणि त्याच्या अंगावरील सांधे दाखवावेत.