काना की मात्रा?

साठी उलटल्यावर माणसाने परकी भाषा शिकू नये, असे आमच्या घरात सर्वांचेच मत आहे. पण सूनबाई पडली स्पेनची. विहीणबाईंशी दोन शब्द बोलायचे, तर स्पॅनिशवाचून गत्यंतर नाही. म्हणून खराडीतल्या आमच्या बिऱ्हाडी, समोर इऑन आयटी पार्कचे दिवे लागले, की माझी शिकवणी सुरू होते. गुरू अर्थात सूनबाई!

गेल्या पावसाळ्यात विहीणबाई आजारी पडल्या. मी पत्राचा मसुदा वहीत देवनागरीत केला : ‘स्येंतो के एस्ता एन्फेर्मा.’ आपण आजारी आहात याचे वाईट वाटते, असे मला म्हणायचे होते.

सूनबाईने वाचले आणि म्हणाली, “बाबा, याचा अर्थ ‘तुम्ही आजारी आहात, असं मला वाटतं’ असा झाला!” तिने काना खोडून मात्रा दिली, ‘एस्ता’चे ‘एस्ते’ केले.

‘स्येंतो’ आपल्या ‘वाटते’सारखेच दुहेरी. नुसते जाणवले, तर पुढे साधे क्रियापद. पण आनंद, दुःख, भीती, नवल यांपैकी काही वाटले, आणि वाटणारा एक व करणारा दुसरा असला, की ‘के’नंतरचे क्रियापद रूप पालटते. दोघे एकच असतील, तर हा खटाटोप नाही. क्रियापदाचे मूळ रूप पुरते.

“पण आजार तर खरा आहे ना? मग सरळ ‘आहे’ म्हणायला काय हरकत?” मी वाद घातला.

“परवा आई शेजारच्या काकूंना म्हणाल्या, ‘इतक्या चांगल्या माणसावर अशी वेळ यावी, याचं वाईट वाटतं.’ वेळ तर आली होती. मग ‘यावी’ का?”

मी गप्प! विध्यर्थ म्हणजे कर्तव्य, इच्छा, शक्यता, असे शाळेत घोकले होते. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल हळहळतानाही तोच धावून येतो, हे स्पेनच्या मुलीने शिकवले. बातमी दोघांनाही ठाऊक असते. सांगायचे असते ते आपले मन.

दसऱ्याला विहीणबाईंचा फोन आला. आवाज खणखणीत होता. मी धीर करून म्हटले, “मे आलेग्रो दे के एस्ते ब्येन.” आपण बऱ्या आहात, याचा आनंद वाटतो. त्या क्षणभर थांबल्या, मग बराच वेळ बोलल्या. मला कळला एकच शब्द : ‘ग्राथ्यास’, म्हणजे आभार.

मात्रा लागू पडली होती!