हेन्ड्रिक्सची चौथी बाजू

जिमी हेन्ड्रिक्स १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये वारला, तेव्हा त्याचं वय सत्तावीस होतं आणि बाजारात त्याचे स्टुडिओत केलेले अल्बम होते फक्त तीन. त्याच्या मागे निघालेल्या रेकॉर्डींची संख्या मात्र याच्या कितीतरी पट आहे. मृत्युपत्र त्याने केलेलं नव्हतं. होत्या त्या टेप: गाणी, गाण्यांचे तुकडे, रात्र-रात्र चाललेले जॅम, एकाच गाण्याचे असंख्य टेक. या टेपांचं पुढे काय झालं, ही गोष्ट मला त्याच्या आयुष्याइतकीच विलक्षण वाटते.

आयुष्य थोडक्यात सांगतो. २७ नोव्हेंबर १९४२ ला सिएटलमध्ये जन्म, काही काळ अमेरिकी सैन्याच्या छत्रीधारी तुकडीत, मग लिटल रिचर्डसारख्यांच्या मागे गिटारची साथ. १९६६ मध्ये चास चँडलरने त्याला लंडनला नेलं. जून १९६७ मध्ये माँटेरीच्या महोत्सवात त्याने गिटार पेटवली, ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक गाजवलं. याच माँटेरीत त्याच दिवशी दुपारी पंडित रविशंकरांची सतार झाली होती. वाद्य जाळलेलं पाहून पंडितजी फार व्यथित झाले होते.

त्या ज्वाळांच्या छायाचित्राने हेन्ड्रिक्सचं नुकसानच केलं, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे लोकांना मंचावरचा जादूगार लक्षात राहिला आणि स्टुडिओतला चिकाटीचा कारागीर झाकला गेला. हा कारागीर पाहायचा तर न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, ५२ वेस्ट एट्थ स्ट्रीटवर जायला हवं.

तिथे तळघरात एक बंद पडलेला क्लब होता. हेन्ड्रिक्सने आणि त्याचा मॅनेजर माइक जेफरी याने तो घेतला तो नवा क्लब काढायला. ध्वनिमुद्रक एडी क्रेमरने सुचवलं की क्लब कशाला, स्टुडिओच बांधा. आराखडा केला जॉन स्टोरिक नावाच्या, नुकतंच शिक्षण संपवलेल्या कोवळ्या वास्तुरचनाकाराने. खोदकामात जमिनीखालचा ओढा लागला, पाणी भरलं, काम रखडलं आणि खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला. पण भिंतींना हेन्ड्रिक्सला हवी तशी गोलाई मिळाली, मनाजोगे रंग बदलणारे दिवे लागले. दुसऱ्यांच्या स्टुडिओत तासाचं भाडं भरून रात्री काढणाऱ्या माणसाला हक्काची जागा मिळाली. मी त्या रस्त्यावर बराच वेळ उभा राहिलो आहे. ‘इलेक्ट्रिक लेडी’ नावाचा हा स्टुडिओ आजही चालू आहे, त्यामुळे पर्यटकाला दारातूनच परतावं लागतं. पण त्या दाराखाली काय घडलं हे ठाऊक असेल तर तेवढंही पुरतं.

जून १९७० च्या मध्यावर तिथे काम सुरू झालं. बासवर बिली कॉक्स, ड्रमवर मिच मिचेल, काचेपलीकडे क्रेमर. ‘डॉली डॅगर’, ‘फ्रीडम’, ‘एंजल’ ही गाणी तिथे आकाराला आली. २६ ऑगस्टला उद्घाटनाची मेजवानी झाली आणि लगेच तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला. पुन्हा त्या स्टुडिओत तो आलाच नाही. स्वतःच्या घरच्या स्टुडिओत त्याला मिळाले जेमतेम अडीच महिने.

याच काळातली त्याच्या हातची एक यादी उपलब्ध आहे. नियोजित मोठ्या अल्बमच्या पहिल्या तीन बाजूंवर कोणती गाणी कोणत्या क्रमाने घ्यायची, ते त्यात लिहिलं आहे. पहिली बाजू ‘डॉली डॅगर’ने उघडते, तिसरी ‘एंजल’वर संपते. चौथ्या बाजूला गाणी नाहीत. पुढची पन्नास वर्षं जो तो ही चौथी बाजू आपापल्या परीने भरत आला आहे.

सुरुवात केली क्रेमर आणि मिचेल यांनी. मार्च १९७१ मध्ये त्यांनी ‘द क्राय ऑफ लव्ह’ काढला. त्यांनीही टेपना हात लावला होता: ‘एंजल’वर मिचेलने नंतर ड्रम वाजवले, ‘ड्रिफ्टिंग’वर बझी लिनहार्टकडून व्हायब्राफोन वाजवून घेतला. पण हे दोघे त्या खोलीत बसलेले होते. कुठली जागा मुद्दाम मोकळी सोडलेली आहे आणि कुठली फक्त राहून गेली आहे, हे त्यांना माहीत होतं. हवाईतल्या माउई बेटावर ३० जुलै १९७० ला उघड्यावर झालेल्या कार्यक्रमातलं ड्रमचं मुद्रण बिघडलं होतं. मिचेलने पुढच्या वर्षी स्टुडिओत बसून, गेलेल्या मित्राची गिटार ऐकत, आपलेच ड्रम पुन्हा वाजवले. याला मी भेसळ म्हणणार नाही.

भेसळ झाली ती १९७५ मध्ये. मार्च १९७३ मध्ये जेफरी विमान अपघातात गेला आणि टेपांची सूत्रं अॅलन डग्लस या निर्मात्याकडे आली. ‘क्रॅश लँडिंग’साठी त्याने हेन्ड्रिक्सचा आवाज आणि गिटार ठेवली, मूळ साथीदारांना पुष्कळ ठिकाणी पुसून टाकलं आणि हेन्ड्रिक्सला कधीही न भेटलेल्या पगारी वादकांकडून नवी साथ भरून घेतली. काही गाण्यांच्या श्रेयात स्वतःचं नावही घातलं. अल्बम अमेरिकेत पहिल्या पाचांत गेला. कॉलेजात मित्राच्या थोरल्या भावाकडे मी तो ऐकला, तेव्हाच साथ फार घासूनपुसून ठेवलेली वाटली होती. मूळ ठेका गिटारच्या मागे-पुढे धावतो, क्वचित चुकतोही आणि त्या धावपळीत दोघांचा संवाद होतो. इथे गिटार बोलत होती आणि साथ हिशेब ठेवत होती.

फरक पडताळायचा असेल तर ‘समव्हेअर’ हे एकच गाणं घ्या. आधी १९७५ ची आवृत्ती ऐका, मग २०१३ च्या ‘पीपल, हेल अँड एंजल्स’मधली ऐका. दुसरीत बडी माइल्सचे ड्रम आणि स्टीफन स्टिल्सची बास आहे. गाणं अपुरं आहे, पण खोलीत माणसं आहेत.

हा पालट झाला तो हेन्ड्रिक्सचे वडील अॅल यांच्यामुळे. मायक्रोसॉफ्टच्या पॉल अॅलनने पैशाचं पाठबळ दिलं, कोर्टकज्जे झाले आणि १९९५ मध्ये मुलाच्या संगीताचे हक्क वडिलांकडे आले. १९९७ मध्ये क्रेमरच्या मदतीने ‘फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन’ निघाला. हेन्ड्रिक्सच्या हातच्या त्या यादीच्या सर्वात जवळ जाणारी ही सतरा गाणी. २०१९ मध्ये फिलमोर ईस्ट या सभागृहातले त्याचे चारही कार्यक्रम संचरूपात आले. हेन्ड्रिक्सच्या हयातीत त्यातली फक्त सहा गाणी ‘बँड ऑफ जिप्सीज’वर निघाली होती आणि तो अल्बमसुद्धा १९६५ मध्ये एका डॉलरवर केलेल्या कराराची फेड म्हणून दुसऱ्या कंपनीला द्यावा लागला होता.

थोडं आडवळण घेतो, कारण लंडनच्या २३ ब्रुक स्ट्रीटबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. वरच्या मजल्यावर हेन्ड्रिक्स १९६८-६९ मध्ये राहायचा. शेजारच्या २५ क्रमांकात अठराव्या शतकात संगीतकार हँडेल राहिला होता. २०१६ पासून ही खोली लोकांसाठी खुली आहे. त्याच्या रेकॉर्डसंग्रहाची माहिती तिथे मिळते. त्यात ब्लूज आहे, डिलन आहे, रविशंकर आहेत आणि शेजाऱ्याचा ‘मसाया’सुद्धा! असं चौफेर ऐकणाऱ्या माणसाने पुढे काय केलं असतं? ऑक्टोबर १९६९ मध्ये पॉल मॅकार्टनीला तार गेली होती: माइल्स डेव्हिस आणि टोनी विल्यम्स यांच्याबरोबर रेकॉर्ड करायला ये. मॅकार्टनी सुट्टीवर होता, बेत बारगळला. गिल एव्हान्सबरोबर ठरलेली भेट मृत्यूमुळे झालीच नाही. १९७४ मध्ये एव्हान्सने आपल्या वाद्यवृंदाला घेऊन हेन्ड्रिक्सची गाणी वाजवली.

अपुऱ्या टेप जशा आहेत तशाच ऐकाव्यात, हे माझं म्हणणं खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणं जपणाऱ्या मराठी रसिकाला लगेच पटेल. खोकल्याचा आवाज, तंबोरा पुन्हा जुळवणं, मध्येच दिलेली दाद यांसकट आपण ती ऐकतो, कारण गायक विचार करताना तिथेच सापडतो. इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओतल्या कामावर २०२४ मध्ये निघालेला संच याच वृत्तीने ऐकावा. एकाच गाण्याचे निरनिराळे टेक शेजारी ठेवले की कुठला सूर त्याने टाकला आणि कुठल्यासाठी हट्ट धरला, ते कळतं.

राहता राहिली ‘ब्लॅक गोल्ड’. १९७० च्या सुरुवातीला हेन्ड्रिक्सने न्यूयॉर्कच्या घरी एकट्याने गिटारवर गायलेल्या सोळा गाण्यांची ही टेप मिचेलकडे होती आणि वीस वर्षं जगाला तिचा पत्ता नव्हता. त्यातलं ‘सडनली नोव्हेंबर मॉर्निंग’ २०१० च्या संचात आलं. ती टेप सबंध निघावी, जशी आहे तशी: ड्रम न जोडता, तुकडे न सांधता, दाराचा आवाज आला असेल तर तोही ठेवून. हेन्ड्रिक्सने जे अर्धं ठेवलं ते अर्धंच मिळणं हा ऐकणाऱ्यांचा हक्क आहे, आणि टेप सांभाळणाऱ्यांचं पहिलं कर्तव्यही तेच आहे.