क्षयरोगात झडलेलं अंग भरून येताना

कारण नसताना सहा ते बारा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे 60 किलोच्या माणसाचे तीन किलोहून अधिक गेले, तर आधी डॉक्टर, मग खुराक. मागे क्षय, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग किंवा नैराश्यही असू शकतं.

क्षयात गोळ्यांच्या जोडीला ताटही हवंच. झारखंडमधल्या एका अभ्यासात 2,800 रुग्णांना दरमहा तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, दूध पावडर आणि तेल असा 10 किलो शिधा दिला गेला. निष्कर्ष 2023 मध्ये आले: पहिल्या दोन महिन्यांत वजन 5 टक्के वाढलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे 61 टक्के कमी दिसला. इतका साधा शिधा!

भूक मेलेली असते, म्हणून ताट वाढून आग्रह करण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडं द्या. मऊ भातावर दाट वरण नि तूप, पेजेत दोन चमचे दूध पावडर, भाजीत दाण्याचं कूट, चालत असेल तर अंडं. मूठभर शेंगदाण्यांत सुमारे 170 कॅलरी आणि 7 ग्रॅम प्रथिनं असतात. महागड्या प्रोटीन पावडरच्या डब्यांची गरज बहुतेकांना नसते. चहा-बिस्किटांनी फक्त भूक मरते.

कित्येक दिवस पोटात जवळपास काहीच गेलं नसेल, तर एकदम भरपेट जेवण नको. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरून जिवावर बेततं. अशा रुग्णाला दवाखान्यातच न्या.

क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून उपचारकाळात महिना 1,000 रुपये बँक खात्यात मिळतात. खातं जोडलंय का, हे उपचार केंद्रात विचारून घ्या.