भूगर्भातील उष्णतेचे कोठार

विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते, हा अनुभव सर्वांचाच आहे. वस्तुतः त्या पाण्याचे तापमान वर्षभर जवळजवळ सारखेच असते. बदलते ती बाहेरची हवा. भूगर्भातील थरांतून उष्णता अत्यंत मंद गतीने वाहते. या साध्या गुणधर्माचा उपयोग नेदरलँड्समधील अनेक बागाईतदारांनी करून घेतला आहे.

त्या देशाच्या वेस्टलँड प्रदेशात टोमॅटो, फुले इत्यादींची लागवड विस्तीर्ण काचगृहांत होते. उन्हाळ्यात तेथे उष्णता नको इतकी साठते. हिवाळ्यात तीच इंधन जाळून मिळवावी लागते. यावर उपाय म्हणून वाळूच्या जलधारक थरात काही अंतरावर दोन कूपनलिका खोदतात. उन्हाळ्यात एकीतील थंड पाणी वर आणून त्याने काचगृह निववितात आणि तापलेले पाणी दुसरीतून जमिनीत सोडतात. हिवाळ्यात हाच प्रवाह उलटा फिरवितात. उष्णता-पंपाच्या साहाय्याने पाण्यातील उष्णता काढून घेतात आणि थंडावलेले पाणी पहिल्या नलिकेत परत सोडतात. यात पाणी खर्ची पडत नाही. ते केवळ उष्णतेचे वाहन होय.

परंतु त्या देशाचे निम्म्याहून अधिक पिण्याचे पाणी भूगर्भातूनच येते. म्हणून या कोठाराचा पाण्यावर काय परिणाम होतो, हे पाहणे अगत्याचे ठरते. पहिला धोका मिश्रणाचा. वरच्या थरातील प्राणवायुयुक्त पाणी खालच्या लोहयुक्त पाण्यात मिसळले, की लोहाचा साका बसून नलिकेच्या जाळीची छिद्रे बुजतात. खारे पाणी गोड्या पाण्यात शिरण्याचाही संभव असतो. दुसरा धोका तापमानाचा. पाणी फार तापले, तर त्यातील चुना खाली बसू लागतो, वाळूच्या कणांना चिकटलेले आर्सेनिक व सेंद्रिय द्रव्ये सुटून पाण्यात उतरू शकतात आणि तेथील सूक्ष्मजीवसृष्टीही पालटते.

याकरिता 2013 साली त्या देशात नवे नियम लागू झाले. जमिनीत सोडावयाच्या पाण्याचे तापमान सामान्यतः 25 अंश सेल्सिअसहून अधिक नसावे आणि भूगर्भात उष्णतेची शिल्लक वर्षानुवर्षे वाढत जाऊ नये, असा त्यांचा आशय आहे. तेथील भूजलाचे नैसर्गिक तापमान सुमारे 11 ते 12 अंश असते. त्याहून अधिक तापलेले पाणी साठविले, तर इंधनाची बचत वाढेल हे खरे. पण एकदा बिघडलेले भूजल पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागतो. काचगृहाची ऊब आणि घरातील पिण्याचा पेला, या दोहोंचा उगम जेथे एकच आहे, तेथे ही मर्यादा पाळणे सर्वांच्याच हिताचे आहे.